साठ दिवसांचं पाकीट

७ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी अर्थसंकल्पाशी निगडित एका लांबलचक नावाच्या कायद्यावर सही केली. आद्याक्षरांमुळे तो ‘कोब्रा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या पोटात एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या दोन तरतुदी होत्या. पहिली अशी की नोकरी सुटली तरी कंपनीचा आरोग्य विमा स्वतःच्या खर्चाने काही काळ चालू ठेवता येईल. दुसरी अशी की इस्पितळाच्या इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, खिशात पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर केल्याशिवाय बाहेर काढता येणार नाही. आज अमेरिकेत ‘कोब्रा’ म्हटलं की लोकांना फक्त पहिली तरतूद आठवते. ज्या घरात व्यसन आहे, त्या घराची गाठ मात्र बरेचदा आधी दुसरीशी पडते.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. अशा वेळी इमर्जन्सीत नेलं तर कायद्याने दार उघडावंच लागतं. बिल मागाहून घरी येतं. हात थरथरायचे थांबले, माणूस ओळख देऊ लागला की प्रकृती स्थिर झाल्याचा शेरा मारून त्याला घरी पाठवतात. व्यसनाचा उपचार तोवर सुरूही झालेला नसतो. तो पुढच्या काही महिन्यांचा असतो आणि त्याला विमा लागतो. नेमकी नोकरी गेलेली असेल तर तो विमा चालू ठेवायची सोय त्याच कायद्याच्या पहिल्या तरतुदीत आहे. कागदावर आहे, हे आधीच सांगतो.

माझं म्हणणं सरळ आहे. नोकरी गेल्यावरचे पहिले तीन महिने हा विमा आपोआप आणि जुन्याच हप्त्यावर चालू राहायला हवा. आणि व्यसनाचा उपचार नवरा-बायकोला मिळून घ्यावा लागतो तिथे विम्याने त्यांच्याकडे दोन सुटी बिलं म्हणून पाहणं थांबवायला हवं. हे दोन्ही आज होत नाही. म्हणून जो हक्क गरजेच्या ऐन वेळी हाती यावा, तो घरातल्या टपालाच्या ढिगाऱ्यात पडून राहतो.

आधी पैशाचं बघू. वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कंपनीला कोब्रा लागू होतो. नोकरी गेली तर अठरा महिने, घटस्फोट झाला किंवा कमावता जोडीदार वारला तर दुसऱ्याला छत्तीस महिने तोच विमा ठेवता येतो. डॉक्टर तेच, विम्याशी करार असलेल्या इस्पितळांचं नेटवर्क तेच, वर्षभरात डिडक्टिबलपोटी, म्हणजे विम्याने पैसे द्यायच्या आधी खिशातून भरायच्या रकमेपोटी, भरलेले पैसेही जमेस धरलेले. सोय उत्तम आहे. फक्त हप्ता १०२ टक्के भरायचा. म्हणजे आजवर कंपनी जो वाटा उचलत होती तो, अधिक तुमचा स्वतःचा, अधिक दोन टक्के व्यवस्थापनाचे. ‘केएफएफ’ या आरोग्यविषयक संस्थेच्या २०२४च्या पाहणीत कंपनीमार्फत मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर निघाला. त्यातले कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जात होते ६,२९६. महिन्याच्या हिशेबात सांगायचं तर काल सव्वापाचशे डॉलर जात होते. नोकरी गेल्यावर त्याच विम्याला सुमारे पावणेबावीसशे लागतात. पगार बंद झाल्याच्या महिन्यात चौपट हप्ता! बेकारी भत्त्याचा बराचसा भाग यातच संपतो.

आता हे सगळं एका घरात ठेवून पाहू. समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक मराठी जोडपं आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती घरी. त्याची दारू जुनी आहे. तिची वाइन कोविडच्या घरबसल्या दिवसांत सुरू झाली आणि नंतर थांबली नाही. लेऑफच्या मीटिंगनंतर त्याचा लॅपटॉप बंद पडतो. विमा कुठे त्याच दिवशी संपतो, कुठे महिनाअखेरीला. कंपनीने विमा व्यवस्थापकाला कळवायला तीस दिवस, व्यवस्थापकाने यांना पत्र धाडायला आणखी चौदा. म्हणजे विमा गेल्यावर महिना-दीड महिन्याने एक पाकीट येतं, तेही साध्या टपालाने. त्याची पोच द्यावी लागत नाही. पिझ्झाची कुपनं, विजेचं बिल आणि शाळेचं पत्र यांच्यामध्ये ते पाकीट पडलेलं असतं. निर्णय घ्यायला त्या पत्रापासून किंवा विमा संपल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून, साठ दिवस. होकार कळवल्यावर पहिला हप्ता भरायला पंचेचाळीस दिवस. आणि होकार दिला, पैसे भरले की विमा मागच्या तारखेपासून जिवंत होतो.

या मागच्या तारखेच्या सोयीचं सल्लागार मंडळी फार कौतुक करतात. ‘थांबा आणि बघा, काही झालंच तर भरा’ असा सल्ला देतात. निरोगी माणसाला तो ठीक आहे. पाय मोडला तर मोडल्यावर विमा घ्यायचा. व्यसनाचं तसं नाही. व्यसनी माणूस उपचाराला तयार होतो ती वेळ कॅलेंडर बघून येत नाही. एखाद्या पहाटे, एखाद्या भांडणानंतर, मुलगी रडली म्हणून तो म्हणतो, ‘चल, जाऊ या.’ त्याच वेळी व्यसनमुक्ती केंद्रात फोन लावला की पलीकडचा माणूस आधी विमा तपासतो आणि पडद्यावर ‘निष्क्रिय’ अशी अक्षरं येतात. या मधल्या काळात कोणी विचारलं तर रुग्णाचा कोब्राचा हक्क अजून शिल्लक आहे हे विमा योजनेने नीट सांगावं, असा नियम आहे खरा. पण हक्क शिल्लक आहे या उत्तरावर कोणतं केंद्र खाट देईल? आधी पैसे भरा, मग विमा कंपनीची पूर्वमंजुरी, मग भरती. तोवर तो ‘चल’ म्हणणारा माणूस पुन्हा सोफ्यावर बसलेला असतो, ग्लास घेऊन.

पाकिटातल्या फॉर्मकडे आता जरा जवळून बघा. श्रम खात्याने दिलेल्या नमुन्यात माणसांसाठी ओळी आखलेल्या असतात: नाव, जन्मतारीख, नातं. या ओळी वेगवेगळ्या का, याचा विचार फार थोडे जण करतात. कायद्याने नवरा, बायको आणि मूल या प्रत्येकाचा हक्क स्वतंत्र आहे. नवऱ्याने नको म्हटलं तरी बायको फक्त स्वतःपुरता विमा चालू ठेवू शकते. पूर्ण कुटुंबाचा हप्ता परवडत नसेल तर ज्याला उपचाराची निकड आहे त्या एकाचाच घेता येतो; केएफएफच्या त्याच पाहणीत एकट्या माणसाचा वार्षिक हप्ता सरासरी ८,९५१ डॉलर होता, म्हणजे कोब्राखाली महिन्याला साडेसातशेच्या आसपास. हा फरक एखाद्या घराला तारून नेऊ शकतो.

पण कायद्याने दिलेला हा स्वतंत्र हक्क टपालाने मात्र एकत्र येतो. दोघांचा पत्ता एकच असेल तर दोघांच्या नावे एकच पाकीट धाडलं तरी चालतं. आणि आपल्या घरांमध्ये कंपनीची पत्रं कोण फोडतं, हे काय सांगायला हवं? ‘विम्याचं तो बघतो.’ जो बघतो त्याचीच नोकरी गेलेली, त्यालाच तोंड दाखवायची लाज वाटते, आणि तोच पितो. अशा माणसाच्या हाती बायकोच्या उपचाराची किल्ली देऊन कायदा मोकळा झालेला आहे. घटस्फोट किंवा कायदेशीर विभक्ती झाली तर ते योजनेला साठ दिवसांत कळवायची जबाबदारीही कुटुंबावरच. नाही कळवलं तर छत्तीस महिन्यांवर पाणी. व्यसनाने मोडलेल्या घरातली बाई कोर्ट, मुलं, भाडं यांतून कागद हुडकून हे करील, ही अपेक्षा ज्यांनी केली त्यांनी असं घर पाहिलेलं नसावं.

त्यात एक आडवी मेख आहे. ‘गंभीर गैरवर्तना’बद्दल काढलेल्या माणसाला कोब्रा नाकारता येतो आणि गंभीर गैरवर्तन म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात कुठेच नाही. कामावर पिऊन आला म्हणून काढलं, हे त्यात बसतं का? कंपन्या सहसा कोर्टकज्जा टाळण्यासाठी एवढ्या टोकाला जात नाहीत. पण ज्या आजारामुळे नोकरी गेली त्याच आजाराच्या उपचाराचं दार त्याच कारणासाठी बंद होऊ शकतं, ही शक्यता कायद्यात चाळीस वर्षं तशीच पडून आहे. हे एक वाक्य दुरुस्त करायला पैसाही लागत नाही.

आता जोडप्याच्या उपचाराकडे येतो, कारण खरी मजा (कडूच म्हणा) इथे आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाला उपचारात घेतल्याने फरक पडतो, हे १९७०च्या दशकापासून अभ्यासलं गेलं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात टिमथी ओ’फॅरल यांनी, आणि एडिसनच्या अगदी शेजारी रटगर्स विद्यापीठात बार्बरा मॅक्रेडी यांनी, जोडप्यांसाठी ठरावीक आठवड्यांची उपचारपद्धती घडवली. तिच्यात चमकदार असं काही नाही. रोज ठरलेल्या वेळी दोघांनी समोरासमोर बसायचं. ज्याला व्यसन आहे त्याने म्हणायचं, ‘काल मी प्यालो नाही, आजही पिणार नाही.’ दुसऱ्याने म्हणायचं, ‘काल प्याला नाहीस, बरं वाटलं.’ डायसल्फिरामची (दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून देतात ती) गोळी चालू असेल तर ती दुसऱ्याच्या देखत घ्यायची. कॅलेंडरवर खूण करायची. झालं! मागचं उगाळायचं नाही, पुढची भीती घालायची नाही. ती भांडणं आठवड्याच्या बैठकीत, समुपदेशकासमोर. ‘तुझ्या शब्दावर मी कसा विश्वास ठेवू’ हा प्रश्न ज्या घरात दहा वर्षं दिवसरात्र चालला आहे, तिथे तो दिवसातल्या पाच मिनिटांत बांधून ठेवणं केवढं मोठं काम आहे, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

या क्षेत्रातल्या संशोधनाला एक डागही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ओ’फॅरल यांचे सहकारी विल्यम फॉल्स-स्ट्युअर्ट यांच्यावर माहिती बनावट असल्याचे आरोप झाले. चौकशीत साक्षीदार म्हणून भाड्याचे नट बोलायला लावल्याचा आरोप ठेवून न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी २०१०मध्ये त्यांना अटक करवली, आणि खटला चालण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला. त्यामुळे त्यांच्या नावाचे निष्कर्ष बाजूला ठेवूनच बोलावं. इतरांचं काम उरतंच आणि ते पुरेसं आहे. त्या कामातलाच एक खुलासा जाहिराती करणारे कधी सांगत नाहीत: ही पद्धत मुख्यतः दोघांपैकी एक व्यसनी असलेल्या जोडप्यांसाठी आखली गेली. दोघंही पीत असतील आणि दोघांनाही थांबायचं नसेल, तर एकमेकांचा आधार हा एकमेकांचा गुत्ता होतो. आणि घरात जबर मारहाण असेल तिथे जोडप्याला एका खोलीत बसवणं हा उपचार नव्हे, धोका आहे.

या सगळ्याकडे विमा कसा बघतो? त्याच्या लेखी जोडपं हा रुग्ण नसतो. रुग्ण एकच, निदान त्याचं, बिल त्याच्या नावाने. जोडीदार त्या बैठकीला ‘हजर’ होता एवढीच नोंद. नवरा-बायकोतल्या बेबनावासाठी निदानांच्या यादीत झेड ६३.० असा आकडा आहे खरा, पण तेवढ्यावर विमा कंपन्या सहसा पैसे देत नाहीत. दोघंही व्यसनी असतील तर दोन फायली, दोन पूर्वमंजुऱ्या, दोन तपासनीस. एकाला निवासी उपचार मंजूर होतो, दुसऱ्याला ‘आठवड्यातून तीन दिवस येऊन जा’ म्हणतात. एक घरी पोचतो तेव्हा दुसरा अजून आत असतो आणि घरात, ओट्याखालच्या कपाटात, तीच बाटली तशीच असते.

याविरुद्ध कायदा नाही असं नाही. मानसिक आजार आणि व्यसन यांच्या उपचाराला शारीरिक आजारांपेक्षा जाचक अटी लावू नयेत असा समानतेचा कायदा ३ ऑक्टोबर २००८ला झाला. गंमत म्हणजे तो बँका वाचवण्याच्या सातशे अब्ज डॉलरच्या विधेयकाला जोडून आला. एरवी किती वर्षं लटकला असता कोण जाणे. स्वतः व्यसनाशी झगडलेले खासदार पॅट्रिक केनेडी त्याच्या मागे उभे होते. कोब्राखालच्या विम्यालाही तो लागू आहे, कारण विमा तोच आहे. पण समानता एका रुग्णाच्या एका क्लेमपुरती तपासली जाते. दोघांचे उपचार एकमेकांत गुंतलेले आहेत, एकाचा अर्धवट तोडला तर दुसऱ्याचाही वाया जातो, हे त्यात कुठेच मोजलं जात नाही.

जिथे विमा जोडप्याला ओळखत नाही तिथे बाजार मात्र बरोबर ओळखतो. इंटरनेटवर शोधा: ‘दोघं मिळून या, एकाच खोलीत राहा, तुमचा कोब्रा चालेल.’ समुद्रकिनारा, योगासनं, हसणारं जोडपं. यातली काही केंद्रं चांगली असतीलही. पण या धंद्याचा इतिहास डोळ्यांआड करू नये. फ्लोरिडात पाम बीच परगण्यात दलालांनी विमाधारक व्यसनींना एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरवण्याचं इतकं मोठं जाळं उभारलं होतं की ‘फ्लोरिडा शफल’ हे नावच पडलं. लघवीच्या तपासण्यांची अवाच्या सव्वा बिलं लावायची, रुग्ण पुन्हा प्याला की पुन्हा पहिल्यापासून. बरा झालेला रुग्ण म्हणजे बंद झालेलं बिल. २०१६मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी खास पथक नेमलं आणि ऑक्टोबर २०१८मध्ये रुग्ण आणून देण्याबद्दल दलाली घेणं-देणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा झाला. तेव्हा कुणी फोनवर म्हणालं की विमानाचं तिकीट आम्ही काढतो, कोब्राचा हप्ताही आम्हीच भरतो, तर फोन ठेवून द्यावा. हप्ता भरणारा तो तुमच्या विम्याचा मालक होऊ पाहतो.

मला विचाराल तर दोघं व्यसनी असलेल्या जोडप्याने दारू तुटायचे पहिले दिवस वेगवेगळे काढावेत, घराजवळच्या नेटवर्कमधल्या ठिकाणी, आणि एकत्र बैठका त्यानंतर सुरू कराव्यात. एकाच खोलीची जाहिरात ही प्रेमाची नसते, दोन क्लेमची असते.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना या सगळ्यात आणखी एक फास आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की दुसरी शोधायला किंवा परतायला जास्तीत जास्त साठ दिवस. जोडीदाराचा व्हिसा त्याच्याच शेपटाला बांधलेला. कोब्राचे साठ दिवस आणि व्हिसाचे साठ दिवस एकाच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर धावतात. अशा वेळी उपचाराचं नाव काढलं की ‘आधी नोकरी, मग बाकीचं’ हे उत्तर ठरलेलं. मुलाखती चालू असताना कोण चार आठवडे रिहॅबला जाईल? महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना कळलं तर? भीती उपचाराची वाटते, पण खरी आपत्ती येते ती गाडीतून: दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर व्हिसा रद्द करण्याचं धोरण परराष्ट्र खात्याने २०१५पासून ठेवलं आहे. व्यसनाच्या उपचाराच्या नोंदींना अमेरिकेत इतर वैद्यकीय नोंदींपेक्षाही कडक गुप्तता आहे. ती आपल्या माणसांना कुणी सांगत नाही.

‘मग पुण्यालाच जाऊ, तिथे स्वस्तात होईल’ असंही म्हणतात आणि ते अगदीच चूक नाही. योगायोग असा की ज्या वर्षी कोब्रा आला त्याच वर्षी, ऑगस्ट १९८६मध्ये, अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथे बायकांचा ‘सहचरी’ हा गट आहे. व्यसन एकाचं असलं तरी आजारी सगळं घर पडतं, हे तिथे कुणा विमा कंपनीला विचारून ठरवलेलं नाही. पण परतणाऱ्यांनी भारतातल्या विम्यावर भिस्त ठेवू नये. आपल्याकडच्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकार हे मानसिक आजारातच मोडतात आणि विम्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावं असंही त्यातच लिहिलंय. तरीही विमा नियामकाच्या प्रमाणित वगळणुकींमधला बारावा क्रमांक, व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचे उपचार वगळणारा, पुष्कळ पॉलिसींत दिमाखात बसलेला दिसतो. अमेरिकेत हक्क महाग आहे. आपल्याकडे तो एका कलमाने दिला आणि दुसऱ्याने काढून घेतला.

आता आक्षेप. पहिला आक्षेप समंजस आहे: कोब्राच कशाला हवा, ओबामांच्या कायद्याने उभ्या केलेल्या बाजारात दुसरा विमा मिळतो, गरिबाला मेडिकेड हा सरकारी विमा आहे. खरंय. त्या बाजारातल्या प्रत्येक योजनेत व्यसनाचा उपचार असावाच लागतो, जुना आजार म्हणून नाकारता येत नाही, आणि ज्यांचा उपचार सुरू झालेला नाही त्यांनी आधी तिथेच बघावं असं मीही सांगेन. ज्या राज्यांनी मेडिकेड जास्त लोकांपर्यंत वाढवलं तिथे पात्र माणसाला ते कोब्रापेक्षा केव्हाही बरं. पण टेक्सास आणि फ्लोरिडाने ते वाढवलेलं नाही, व्हिसावरच्यांना ते साधारणपणे मिळत नाही, आणि बाजारातल्या विम्यासाठी २०२१मध्ये वाढवलेलं अनुदान २०२५ अखेर संपलं. शिवाय उपचाराच्या मध्यावर विमा बदलला की नेटवर्क बदलतं, पूर्वमंजुरी नव्याने घ्यावी लागते, डिडक्टिबल शून्यापासून सुरू होतं. आणि घाईत कोब्रा घेऊन दोन महिन्यांनी परवडत नाही म्हणून सोडला, तर बाजाराचं दार वर्षअखेरच्या नोंदणीपर्यंत बंद. हे फार लोकांना फार उशिरा कळतं.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा: कोब्रा घेणारे लोक जास्त आजारी असतात, त्यांचा खर्च हप्त्याहून जास्त येतो, सवलत दिली तर तो आणखी वाढेल. मला हे उलटं वाटतं. १०२ टक्के हप्ता लावल्यावर निरोगी माणूस कशाला घेईल? आजारीच तेवढे उरतात, कारण चाळणच तशी लावली आहे. आपोआप आणि जुन्या हप्त्यावर चालू ठेवा, निरोगीही त्यात राहतील आणि सरासरी खर्च उतरेल.

तिसरा आक्षेप, पैसे कोण देणार. याचं उत्तर अमेरिकेने दोनदा देऊन ठेवलंय. २००९च्या मंदीत सरकारने नोकरी गमावलेल्यांच्या कोब्रा हप्त्यातले ६५ टक्के उचलले. २०२१मध्ये १ एप्रिल ते ३० सप्टेंबर पूर्ण १०० टक्के उचलले. कंपन्यांनी विमा चालू ठेवला आणि रक्कम आपल्या करातून वळती करून घेतली. यंत्रणा तयार आहे, फॉर्म तयार आहेत. मी तर शंभर टक्केही मागत नाही. कर्मचाऱ्याने जुना वाटा भरत राहावं, फरक सरकारने द्यावा, तीन महिने. वरच्या सरासरी आकड्यांनी एका कुटुंबामागे तो पाच हजार डॉलरच्या आतबाहेर येतो. सगळ्यांना देणं जड वाटत असेल तर निदान ज्यांचा व्यसनाचा उपचार चालू आहे किंवा डॉक्टरांनी लिहून दिला आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा. यात एक धोका आहे: सवलतीसाठी व्यसनाचा शिक्का कपाळी मारून घ्यावा लागेल, आणि लाजेने पुष्कळ जण मागणारच नाहीत. म्हणून माझा कौल सगळ्यांना सरसकट देण्याकडे आहे.

राज्यांना हे एकट्याने जमण्यासारखं नाही. कॅलिफोर्नियाने दोन ते एकोणीस माणसांच्या छोट्या कंपन्यांसाठी छत्तीस महिन्यांचा स्वतःचा कोब्रा केला, ते चांगलंच आहे. पण कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून भागवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या योजनांना १९७४च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्यांचे नियम लागत नाहीत, आणि अमेरिकेतले निम्म्याहून जास्त विमाधारक कर्मचारी अशाच योजनांत आहेत. तेव्हा हप्त्याचा प्रश्न काँग्रेसकडेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडेच, न्यावा लागणार आणि ती आज कुठल्या मनःस्थितीत आहे ते दिसतंच आहे. श्रम खात्याला मात्र एक गोष्ट काँग्रेसच्या तोंडाकडे न बघता सुरू करता येईल. आपला नमुना बदलून कंपन्यांना सांगावं की जोडीदाराला त्याच्या किंवा तिच्या नावाचं वेगळं पत्र पाठवा, आणि त्यात ठळक अक्षरांत दोन ओळी घाला: हा निर्णय तुम्ही एकट्याने, फक्त स्वतःसाठी घेऊ शकता, आणि या विम्यात व्यसनाच्या उपचाराची सोय असेल तर ती कोब्राखालीही तशीच राहते. टपालाचा खर्च वाढेल, एका तिकिटाचा.